ओळ दोनशे बारा

ओळ क्रमांक दोनशे बारा रिकामी होती.
डावीकडे मूळ मजकूर: काही नाही.
उजवीकडे माझा रकाना: तोही तसाच.
दर शब्दाला सव्वा रुपया, आणि इथे शब्दच नाही.
चहा निवेपर्यंत बघत बसले,
मग ओळ तशीच सोडून पुढे गेले.

दोनशे तेरामध्ये एक वाक्य,
त्यातला एकच शब्द कोनी कंसांच्या चिमट्यात धरलेला:
ठळक सुरू, ठळक बंद.
त्यांच्याकडे नाम सुटं उभं राहतं,
दोन्ही अंगांनी वारा खेळतो.
आमच्याकडे त्याला प्रत्यय चिकटतो,
आणि चिकटताना नामाचं अंगही बदलतो.
'डॉक्टरांना' मधला 'ना' आत घेऊ
की चिमट्याबाहेर ठेवू?
बाहेर ठेवून पाहिला.
'डॉक्टरां' जाड, 'ना' बारीक,
जणू कोणी दारातूनच नाही म्हणतंय.
आत घेतला.

बाणेरहून अल्ताफ बागवानचा फोन:
ताई, टॅग हलवा, चालेल. मोडू नका.
एक जरी बंद करायचा राहिला
तर तिथून खाली सगळं इस्पितळ जाड होईल.

माझे वडील भवानी पेठेत पाट्या रंगवायचे.
आधी पत्र्यावर खडूची दोरी झटकायची,
मग नाव, मग 'आमची कोठेही शाखा नाही',
आणि फोन नंबरची जागा मोकळी,
कारण मालकाला अजून लाइन मिळालेली नसायची.
तीसुद्धा मोजून: सहा आकडे, वर दोन बोटं.
ठेवलेलं वेगळं, राहून गेलेलं वेगळं,
ब्रश रॉकेलात बुडवत म्हणायचे.
खाली उजव्या कोपऱ्यात
मुंगीएवढ्या अक्षरांत: पेंटर शिंगरे.

मंगळवारी रास्ता पेठेतल्या इस्पितळात
नोंदणीचं यंत्र बसलं.
बुधवारी रात्री अकराला अल्ताफनं फोटो पाठवला.
पडद्यावर जिथे काहीच असायला नको होतं
तिथे पाच ओळी दाटीवाटीनं:
प्रकल्पाचं नाव, तारीख, वेळ,
अक्षरसंच कुठला, आणि
शेवटचा भाषांतरकार: वैजयंता शिंगरे.

झालं होतं असं, की यंत्रानं फाइलीला विचारलं,
रिकाम्या शब्दाला मराठीत काय म्हणतात?
आणि फाइलीत अगदी वर, रिकाम्या शब्दासमोर,
फाइलीची स्वतःचीच कुंडली लिहिलेली असते.
तिनं तीच वाचून दाखवली.
तिचं काय चुकलं?

अल्ताफ हसत होता, मग हसायचा थांबला.
दिवसभर काउंटरवर विचारणा चालू होती म्हणे,
शिंगरे मॅडम कितव्या खोलीत बसतात?
कोंढव्याच्या एक बाई पाऊण तास थांबल्या.
नाव लिहिलंय ना, म्हणाल्या,
म्हणजे येतीलच.

त्यानं एक अट घातली:
मजकूर रिकामा असेल तर विचारायलाच जाऊ नकोस,
रिकामा परत दे.
गुरुवारी सकाळी माझं नाव गेलं.
फोटो मी पुसला नाही. कोणाला दाखवलाही नाही.

पुढच्या महिन्यात गुडघा दाखवायला
मीच त्या यंत्रापुढे उभी.
मराठी निवडली. नाव, वय, तक्रार.
तक्रारीखाली बोटभर उंचीची पांढरी पट्टी,
स्वच्छ, सरळ, काहीही न म्हणणारी.
तिच्यावर उगाच बोट ठेवून पाहिलं.
मागच्या माणसानं घसा खाकरला.

पडद्यावर आलं: कृपया पुढे जा.
'पुढे' जाड, बाकीचं बारीक,
टॅग जागच्या जागी बंद.
माझंच वाक्य.
गेले.