तीस अंश पश्चिम

समुद्रावर रडार नाही.
सांता मारियाच्या या खोलीतून आम्ही विमानं बघत नाही,
ऐकतो. तेही दुसऱ्याच्या कानांनी.
काचेपलीकडे वाल्देमार हेडफोन दाबून बसतो,
शॉर्टवेव्हच्या खरखरीतून आकडे वेचतो,
आणि मी ते कागदाच्या पट्टीवर उतरवते.
एक पट्टी म्हणजे अडीचशे माणसं, त्यांच्या उशा, त्यांचे बूट.
दोन पट्ट्यांमध्ये पंधरा मिनिटं राखायची.
बारा वर्षं याचाच पगार घेते.

ऑक्टोबरातली रात्र.
एक लिस्बनहून काराकासला,
दुसरं लास पाल्मासहून टोरंटोला, उन्हं खाऊन परतणाऱ्यांचं.
उंची एकच.
वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे
पहिलं दोन सत्तेचाळीसला,
दुसरं तीन वाजून चार मिनिटांनी.
सतरा मिनिटं. सढळ हाताने दिली होती.

पहिल्याचा वैमानिक खरं तर म्हणाला होता, सत्तावन्न.
फाइव्ह सेव्हन.
मधल्या हजार मैलांत पाचाचा चार झाला.
वाल्देमार म्हणतो, मी दोनदा विचारलं.
टेपवर एकदाच आहे.
मग तोच वारा एकाला समोरून लागला, दुसऱ्याला पाठीमागून,
तीन-तीन मिनिटं इकडची तिकडे झाली,
आणि तेवढा फरक कळवायची नियमात गरज नाही.

"आमच्या उंचीवर कुणी होतं का?"
टोरंटोवाल्याचा आवाज, शेजाऱ्याची कात्री मागावी इतका साधा.
"उजवीकडून डावीकडे काहीतरी गेलं आत्ता.
दिवे होते. कॉफी सांडली."

माझ्या पट्टीवर अजून दोन सत्तेचाळीस,
माझ्याच अक्षरात, सातला आडवी दांडी दिलेली.
पाचावर धारण बसते म्हणतात,
माझी चारावर बसली.
रेझेंदेशने खांद्यावर हात ठेवला. ऊठ, म्हणाला.
माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं,
खुर्ची गरमच होती.

नंतर मोजलं तेव्हा अकरा सेकंद भरले.
कुणी जागं झालं नाही.
एकतिसाव्या रांगेतल्या कुणी प्रकाश पाहिला असेल,
तारा समजून पडदा ओढला असेल.

फॉर्मवर याला नाव आहे: अंतर गमावणे.
गमावायला ते माझं होतं कधी?
आई पोर्तात मेणबत्ती लावून म्हणायची,
मारियामाते, लेकरांना अंतर देऊ नकोस.
मी तर जन्मभर अंतरच देत आले,
अनोळखी लेकरांना, रोज रात्री,
आणि एकदाच द्यायचं राहिलं.

पहाटे घरी निघाले तर रस्त्यावर कागार्रूचं पिल्लू,
धावपट्टीच्या दिव्यांना समुद्र समजून उतरलेलं.
या महिन्यात पडतातच ती. गाडीत खोकं असतंच सगळ्यांच्या.
धक्क्यावर नेऊन सोडलं.
जाताना अंगठ्याला चोच मारली,
उपकारबिपकार काही नाही.
अंधारात किती लांब गेलं ते दिसलं नाही.

चौकशी संपली. दोघांनाही परत घेतलं.
आता आकडा पाच असला की
वाल्देमार नुसतं सांगत नाही,
काचेला हाताचा पंजा लावतो,
पाचही बोटं पसरून,
आणि मी मान हलवेपर्यंत काढत नाही.