झाकण

साखळीहून सव्वानवाला निघते.
पिशवीत पिग्मीचं मशीन, सुटे पैसे, एक जादा प्लग.
वेळग्यापर्यंत स्कूटर शहाण्यासारखी.
पाळीच्या चढाला लागलं की
आधी एक उचकी,
मग आवाज बारीक होत जातो,
आजारी माणसानं बोलता बोलता
भिंतीकडे तोंड फिरवावं तसा,
आणि बंद.

रोज तिथंच. विश्राम सालेलकरांच्या फाटकापाशी,
जिथं त्यांचा टिपर चिऱ्यांवर चढवून ठेवलाय
आणि वेल आता स्टिअरिंगपर्यंत पोचलाय.

मी सीट उचलते. टाकीचं झाकण काढते.
पेट्रोल आहे. हलतंय, चकाकतंय.
झाकण लावते. किक.
तिसऱ्या किकेला चालू,
जसं काही झालंच नव्हतं.

पहिल्या रविवारी प्लग काढला. कोरडा.
ओला असता तर पेट्रोल जास्त,
कोरडा म्हणजे खाली पोचतच नाही.
एवढं मला येतं.
नवऱ्याला येत नाही, तो टॉर्च धरून उभा होता,
भर दुपारी.

दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर उतरवून वर्तमानपत्रावर मांडला.
वाटीच्या तळाशी पाण्याचा एक थेंब,
पेट्रोलखाली दडलेला, पाऱ्यासारखा पळणारा.
वाटलं, सापडला चोर.
जेट उन्हात धरला:
मोहरीहून बारीक भोक, त्यात अख्खं आकाश.
सुई घालायची नाही, भोक मोठं होतं.
वायरीतली तांब्याची एक तार, मग फुंकर.

सोमवारी सालेलकर फाटकात होतेच.
"आयली?"
"आले."
"पेट्रोलांत उदक."
त्यांचं निदान ठरलेलं.
खाण बंद झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नाही.
मी विचारते.
ऑगस्टात त्यांनी माझ्याकडे खातं उघडलं, रोजचे वीस.

तिसऱ्या रविवारी फिल्टर. चौथ्या रविवारी नळी.
पाचव्याला मी स्कूटरशी बोलले नाही.

शेवटी डिचोलीला, फोंडू मळीककडे.
बारा वर्षं त्यानं खाणीवर डंपर उघडले,
त्याच्या पान्यांपुढे माझी स्कूटर म्हणजे जत्रेतलं खेळणं.
त्यानं पाना हातात घेतलाच नाही.
चहा घेतला. विचारलं,
"बंद पडली की पहिलं काय करतेस?"
"पेट्रोल बघते."
"झाकण काढून?"
"मग काय डोळे मिटून?"
तो हसला तेव्हा चहा पँटवर सांडला.

झाकण त्यानं ओठांना लावलं
आणि फुग्यात फुंकावं तसं फुंकलं.
गाल फुगले. हवा पलीकडे गेली नाही.
रॉकेलात बुडवलं, जुन्या दातब्रशनं घासलं,
बोटावर घेऊन माझ्यापुढे धरलं:
तांबडं, मऊ, तेलकट,
ओळखीचं.
खनिजाची धूळ.
खाणी बंद होऊन किती वर्षं झाली,
हिनं अजून काम सोडलेलं नाही.

"वरून हवा आत गेली नाही
तर पेट्रोल खाली उतरेल कसं गो?
धरून ठेवतं ते.
तू झाकण उघडतेस, टाकी एक श्वास घेते,
तेवढ्यावर तुला साखळी-पाळी."

पैसे विचारले तर म्हणाला, उलट तूच घे.
तीन महिने चुकवलेल्या खात्यात
त्यानं पन्नास भरले.
मशीननं चिठ्ठी काढली, त्यानं ती न वाचता
आरशामागं खोचली.

मंगळवारी चढ आला.
माझे कान उचकीसाठी तयार.
उचकी नाही.
सालेलकर फाटकात, उन्हासाठी कपाळावर हात,
आणि मी पुढे. वळणापर्यंत गेलेसुद्धा.

मग वळले.
फाटकापाशी आले. इंजिन चांगलं चालू होतं,
मी चावी फिरवली.
सीट उचलली. झाकण काढलं.

"उदक," ते म्हणाले.
"असेल," मी म्हटलं.