खडा

सावळजच्या शेडमध्ये पट्टा सुरू झाला
की आम्ही चौदाजणी बोलत बसतो.
बघावं लागत नाही.
काडी, देठ, फुटका दाणा, वाऱ्यानं आलेली वाळू,
बोटांना आधी कळतं, मग आम्हाला.
बेदाणा दाबला की दबतो.
खडा दबत नाही.
एवढंच शिकायचं असतं,
आणि ते पहिल्याच हंगामात येतं.

मार्चमध्ये उपकेंद्रातल्या कोष्टी सिस्टर आल्या.
जेवणाच्या सुट्टीत पालथ्या क्रेटवर बसल्या
आणि म्हणाल्या, स्तन.
तो शब्द कुणी ऐकला नव्हता असं नाही,
पण असा मोठ्यानं, डबे उघडे असताना...
गोदाबाईनं भाकरीवर झाकण ठेवलं.

आम्ही त्याला काहीच म्हणत नाही.
पोरांना अंगावर पाजलं, म्हणतो.
पोरगं अंगावरून तोडलं, म्हणतो.
सगळं अंगच.
दूध आटलं, पोरं शाळेत गेली,
मग तिकडं कोण बघतंय.

बोटांची टोकं नकोत, सिस्टर म्हणाल्या,
मधल्या तीन बोटांची पेरं सपाट टेकवा.
गोल गोल. आधी हलकं, मग दाबून, मग खोल.
काख सोडू नका.
पाळी संपल्यावर चार दिवसांनी.
पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा.
मी दहा धरली, अजून गेली नसून.
दहाला बचत गटाचा हप्ता असतो,
ती तारीख चुकत नाही.

घरात आरसा तोंडापुरता.
दाराजवळच्या खिळ्यावरून काढला,
डब्यांच्या फळीवर टेकवला,
तरी एका वेळी एकच बाजू दिसते.
बाहेरून ह्यांचा आवाज:
"काय कराय लागलीयास आत?"
"हप्त्याचं पैसं मोजतीया."
डावी बाजू जराशी मोठी आहे.
बेचाळीस वर्षांत हे आज कळलं.

मग उताणी पडले, हात डोक्याखाली.
आत भिजल्या साबुदाण्यासारखं बारीक बारीक लागतं,
खाली बरगडीची कड.
पहिल्या महिन्यात सगळीच गाठ वाटली,
रात्रभर डोळा नाही.
दुसऱ्या महिन्यात कमी.
तिसऱ्या महिन्यात आपल्या बोळासारखं,
अंधारातसुद्धा
कुठं उंचवटा आहे ते पायाला ठाऊक.

हंगाम संपता संपता
सोनाक्का क्रेटांच्या मागं थांबली.
तारखेचं तिला झेपत नव्हतं,
आणि सुनेला सांगणार कशी.
"तुझी बोटं चांगली हाईत. माझं तूच बघ."
मी नको म्हणाले.
तिचाच हात धरला, पदराखाली नेला,
तीन बोटं लावून दिली.
एकोणतीस हंगामांची बोटं.
पलीकडं पट्टा रिकामाच फिरत होता.
ती शेडच्या पत्र्याकडं बघत होती,
कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी.

मग बोटं थांबली.
ती कशी थांबतात ते मला माहीत आहे,
समोरासमोर बसून आम्ही हजार किलो निवडलेत.

"खडा," ती म्हणाली.

सहाची एसटी. तासगावात बदलून सांगली, मग मिरज.
दोघींचा रोज बुडाला.
केसपेपर, नंबर सत्तेचाळीस.
डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं,
बरं केलंत लगेच आलात, म्हणाल्या,
आधी फोटो काढू, मग सुईनं तपासू.
त्यापुढचं अजून कुणालाच माहीत नाही.

बाकावर सोनाक्कानं रुमालाची गाठ सोडली.
मूठभर बेदाणे, शेडमधलेच.
मला द्यायच्या आधी
एकेक दाणा बोटांत फिरवून बघते.
"अगं, निवडलेलंच हाईत की."
"असू दे," म्हणते,
"परत बघायला काय जातंय."