अर्थ लागत नाही

भूपाल मगदूमचा टेंपो पुन्हा दारात.
दीड महिन्यात हा तिसरा रेग्युलेटर.
काल रात्री शिरोलीहून कास्टिंग भरून येताना
आधी केबिनमध्ये ॲसिडचा उग्र वास,
मग हेडलाइट तांबूस, मग तेही नाहीत.
पंचगंगेचा पूल त्यानं
क्लीनरच्या मोबाइलच्या उजेडात ओलांडला.

"पार्टच डुप्लिकेट," तो म्हणतो.
दोनदा मीच तसं म्हणालो होतो.
जळालं ते बदलायचं, बिल फाडायचं, पुढची गाडी.
उद्यमनगरात सकाळ अशीच सरते.

आज जळका डबा मांडीवर घेऊन बसलो.
पाठीवर फोड, वितळलेल्या राळेचा वास.
इलाही मिस्त्री म्हणायचे,
मेलेल्याला शिव्या देऊ नको, पोरा.
त्याला कुणी काय सांगितलं ते बघ.

तिन्ही गेले ते रात्रीच.
हे आधीच ध्यानात यायला हवं होतं.

नवा रेग्युलेटर बसवला. मीटर काढला.
काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हला,
लाल काडी रेग्युलेटरच्या पत्र्याला.
"स्टार्ट मार. रेस धर."
शून्याच्या आसपास.
"आता लाइट लाव."
एक पॉइंट आठ.

म्हणजे केबिनचा पाय जमिनीवर नव्हता.
लाइट लागले की रेग्युलेटरला
बॅटरी उपाशी दिसायची,
आणि तो वाढत राहायचा,
नको नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पानात
आग्रहानं वाढावं तसा,
बॅटरी उकळेपर्यंत, स्वतः करपेपर्यंत.

टेंपोखाली शिरलो.
चॅसीकडून केबिनला येणारी अर्थची पट्टी जागेवर,
बोल्ट घट्ट, पाना हलेना.
पट्टीखाली मात्र
दसऱ्याला मारलेला निळा रंग, जाड, चकचकीत.
बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका.

पिवळा ठिपका मी देतो.
स्वतः कसलेल्या प्रत्येक बोल्टला.
पेंटरकडून गाडी आली त्या संध्याकाळी
घाई होती. रंग खरवडला नाही.

बराच वेळ तसाच पडून राहिलो, पाठीखाली पोतं.
मग पॉलिश पेपर घेतला.
निळी भुकटी डोळ्यांत पडत होती.
पत्रा पांढरा झाला. पट्टी कसली.
लाइट लावून पुन्हा बघितलं:
शून्य पॉइंट शून्य चार.

"काय हुतं रं?" भूपाल वाकून विचारतो.
"अर्थ लागत नव्हता."
"मग आता लागला न्हवं? किती झालं, सांग."
त्याचा हात खिशाकडे.

मी हात पुसतो, बिलबुक ओढतो
आणि पानं मागं उलटत जातो,
पहिल्या रेग्युलेटरच्या कार्बनपर्यंत.