मोहरीहून कमी

सुगंधा कोडापेचं करडू
तीन दिवसांचं. मागचे पाय फरफटत नेतं.
"दूध तं पेते जी म्याडम,
पन उभंच नाही राह्यत."

त्याच्या जुळ्याची मांडी काल चिरून पाहिली :
लाल मांसात पांढरे पट्टे,
उकडल्यासारखे.
जन्म परवाचा, स्नायू म्हातारे.

इथल्या मुरमात सेलेनियम कमी,
म्हणून चाऱ्यात, म्हणून शेळीत,
म्हणून पोटातल्यातही.
पेशीत रोज थोडं गंजतंच,
ते घासून काढणारं कोणी आलं नाही एवढंच.

सुईत मोहरीच्या दाण्याहूनही कमी.
"आखीन थोडं टाका नं."
जास्त झालं तर हेच मारतं, बाई.

चंद्रावरून नाव पडलंय त्याचं,
हे मी सांगत नाही.
ती विचारेल, मंग अमावस्येले?

उठताना गुडघा वाजतो माझा.
निवृत्तीला सोळा महिने.
छप्पन वर्षं आत कोण घासत बसलं होतं,
मी कधी चौकशी केली नाही.

शुक्रवारी झरीच्या रस्त्यावर
सुगंधा सायकल अडवते :
"राह्यलं जी उभं!
सकाऊन माह्या पिठाच्या टोपल्यातच मुतलं."