दोन पर्याय

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
कैद्याला नुसता हुकूम सोडू नये, दोन पर्याय द्यावेत.
चालत येता, की आम्ही घेऊन जाऊ?
हात उघडे, आवाज खालच्या पट्टीत,
आणि दार नेहमी आपल्या पाठीशी.
मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

पियेदाद कुलासो त्या वहीत नव्हती.

कोलवाळला, बायकांच्या बराकीत,
संध्याकाळच्या मोजणीला ती बाहेरच बसते,
नळाजवळच्या कट्ट्यावर, झगा गुडघ्यांत खोचून.
एकोणीस आत, एक बाहेर.
आकडा जुळेपर्यंत कुणालाच जेवण नाही,
आणि आतल्या एकोणीसजणी
माझ्या नावाने बोटं मोडतात.

"येतेस, की आणू?"
"तिसरें कितें आसा?"

रतनमालाबाई असताना
त्या सरळ तिच्या शेजारी जाऊन टेकायच्या.
गुडघे धरलेत म्हणायच्या.
दहा-पंधरा मिनिटांनी दोघी उठायच्या,
कोण कुणाला उठवतंय कळायचं नाही.
मी विचारलं, काय बोलता एवढं?
"बांगड्याचा भाव.
शापोऱ्याच्या धक्क्यावर टोपली घेऊन बसायची ती.
मी मुद्दाम चुकीचा सांगते.
भांडायला म्हणून उठते, भांडत भांडत आत जाते."

बाईंना जून अखेरीस नारळ मिळाला, शाल मिळाली.
मी जुलैत कट्ट्यावर जाऊन बसले,
म्हटलं, शंभराला दहा बांगडे.
पियेदादनं माझ्या बुटांकडे पाहिलं.
"तुका रतनमालान शिकयलां,"
म्हणाली, आणि नळ सोडून
पाणी वाहताना बघत बसली.

मग ती रात्र.
नव्या पोरीच्या अंगावर तिनं पेज फेकली, गरम.
पोर किंचाळली.
आणि माझे हात उघडे होते
म्हणूनच एक हात इतक्या चटकन गेला.

अहवालात मी लिहिलं:
परिस्थिती आटोक्यात आणण्यासाठी
किमान आवश्यक बळाचा वापर करण्यात आला.
करण्यात आला. कुणी केला ते
मराठीत सांगावं लागत नाही.
डॉक्टरांनी लिहिलं, किरकोळ सूज.
साहेबांनी दोन्ही कागद एका टाचणीत घातले.
त्या किरकोळ सुजेला चार बोटं होती,
आणि करंगळीपाशी माझ्या अंगठीचा खळगा.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला
वीसपैकी वीस आत.
जेवण वेळेवर.
साहेब म्हणाले, शेवटी सरळ आली की नाही!
मी हो म्हटलं.
कट्टा रिकामा होता,
नळ कुणीतरी नीट बंद केला होता.

घरी माझी पोर ताटावर बसून.
"भाजी खातेस, की ताट उचलू?"
ती म्हणाली, आई, तू मला
नेहमी तुझ्या तुरुंगातलं विचारतेस.
मी ताट उचललं नाही.
खा असंही म्हटलं नाही.
दोघी बसून राहिलो, भाजी गार होईपर्यंत.
तिसरं हेच असेल तर
ते फार वेळखाऊ आहे.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
मासे घेतले नाहीत, नुसता भाव विचारला.
कोळीण चिडली. बरं वाटलं.

आता रात्रपाळीला तिच्या गजांपाशी थांबते.
दार माझ्या पाठीशी नसतं, समोर असतं.
खालच्या पट्टीत म्हणते,
"शंभराला दहा बांगडे."
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या, तिसऱ्या, काही नाही.

काल पलीकडच्या कोठडीतून
बेळगावची यल्लव्वा ओरडली,
"दहा कुठले, बाई! चार! झोपू दे आता!"

पियेदाद कुशीवर वळली.
भिंतीकडे, की माझ्याकडे,
तेवढा उजेड नव्हता.