मॅनेज

नदाफ सरांनी फळ्यावर लिहिलं : मॅनेज.
आम्ही ओरडलो, म्हायतीय की सर!
परवा पलूसच्या फडात
एक नंबरची कुस्ती मॅनेज झाली.

सर हसले. म्हणाले,
शब्दाच्या मुळाशी हात आहे.
पुढं त्या हातात घोडा आला,
मग गिरणी, हापिस, माणसं.
कुस्ती अगदी अलीकडची.

घरी आई म्हणते, करू मॅनेज,
अजून दहा तारखेला अवकाश आहे.
तिच्या तोंडी तो शब्द
पदराला हात पुसत येतो.

सरांचे वडील मिरज स्टेशनवर टांगा हाकायचे.
घोडी विकून अकरा वर्षं झाली.
अजून झोपेत
त्यांची डावी मूठ
हळूच सैल होते,
पुलाचा चढ लागला की.